सर्पदंशाच्या नोंदीतून वैद्यकीय ऑन्टोलॉजीकडे : नव्याने येणाऱ्यांसाठी अनुभवकथन

वैद्यकीय परिभाषा आणि ऑन्टोलॉजी (संकल्पना आणि त्यांच्यातली नाती संगणकाला समजतील अशा रीतीने मांडणे) या विषयात संशोधन करू इच्छिणारे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात : सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरपासून करावी? मी त्यांना आधी केसपेपर वाचायला सांगते.

लावणीच्या दिवसांत कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयाची नोंदवही उघडली, की ‘अननोन बाइट’ ही नोंद हमखास दिसते. शेतात काहीतरी चावले, साप दिसला नाही, पाय सुजला आहे, एवढे सगळे त्या दोन शब्दांत आलेले असते. त्याच वहीत कुठे ‘स्नेक बाइट’, कुठे ‘फुरसे चावले’, तर कुठे नुसतेच ‘व्हायपर’ लिहिलेले असते. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, तर नाग आणि मण्यार यांच्या विषाने मज्जासंस्थेवर परिणाम होऊन श्वास बंद पडू शकतो, हे डॉक्टरांना पक्के ठाऊक असते; संगणकाच्या लेखी मात्र हे केवळ वेगवेगळे मजकूर असतात. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात सापाच्या विषबाधेला टी ६३.० हा एकच कोड आहे. त्यावरून रुग्णसंख्या काढता येते, पण कोणत्या तालुक्यात कोणत्या सापाचे दंश अधिक होतात हे समजत नाही. आपल्याकडचे बहुसंयोजी (एकाहून अधिक जातींच्या विषांवर चालणारे) प्रतिविष वरील चारच जातींच्या विषावर बेतलेले आहे आणि कोकणातल्या चापडा या विषारी सापाचा त्यात समावेश नाही. त्यामुळे सापाच्या जातीची नोंद उपचारांच्या नियोजनासाठी आवश्यक ठरते.

ही उणीव भरून काढण्यासाठी ऑन्टोलॉजी लागते. अमेरिकेतील स्नोमेड आरटी आणि ब्रिटनमधील क्लिनिकल टर्म्स या दोन परिभाषांच्या एकत्रीकरणातून २००२ साली आकाराला आलेल्या स्नोमेड सीटी या वैद्यकीय परिभाषेमध्ये आज साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत, आणि प्रत्येक विकाराचे शरीरातील स्थान, कारक घटक, ऊतींमधला बदल अशी नाती तीत स्वतंत्रपणे लिहिता येतात. फुरशाची विषबाधा मांडायची झाली, तर ती विषबाधेचा एक प्रकार आहे आणि फुरशाचे विष हा तिचा कारक घटक आहे, असे लिहावे लागते. ‘व्हायपर कुळातील सापाची विषबाधा’ या संकल्पनेची व्याख्या पूर्ण असेल आणि फुरशाचे विष त्या कुळाच्या विषाखाली नोंदलेले असेल, तर फुरशाची विषबाधा या संकल्पनेखाली येते हे रीझनर, म्हणजे व्याख्यांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, स्वतःच शोधून काढतो. हे पडद्यावर प्रथम पाहिले तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

खरा कस मात्र व्याख्या करताना लागतो. साप चावला म्हणजे विषबाधा झालीच असे नसते. विष न सोडताही साप चावतो आणि अशा रुग्णाला प्रतिविष द्यायचे नसते. म्हणून दंशाची जखम आणि विषबाधा या दोन संकल्पना वेगळ्या ठेवून त्यांच्यात कारणाचे नाते जोडावे लागते. ‘अननोन बाइट’चा पेच याहून नाजूक आहे. तिथली अनिश्चितता आजाराची नसून नोंद करणाऱ्याच्या माहितीची आहे, तेव्हा तिची जागा आजारांच्या शाखेत नाही, रुग्णनोंदीच्या संरचनेत आहे. एका अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी या मुद्द्यावर झालेल्या चर्चेत मी जे शिकले, ते मला कोणत्याही अभ्यासक्रमात मिळाले नव्हते.

पार्श्वभूमीची फार चिंता करू नये. वैद्यक, औषधनिर्माण, जैवतंत्रज्ञान, संगणक किंवा ग्रंथालयशास्त्र यांपैकी कुठूनही इकडे येता येते. जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ मधील आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांचा विभाग प्रसिद्ध झाल्यापासून आयुर्वेदाच्या पदवीधरांनाही येथे भरपूर वाव आहे. सरावासाठी स्टॅनफर्डमध्ये विकसित झालेले प्रोटेजे हे ऑन्टोलॉजी तयार करण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. डेटाबेसची सवय असलेल्यांनी एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी : एखादी गोष्ट लिहिलेली नाही म्हणून रीझनर ती खोटी धरत नाही. दोन वर्ग परस्परांपासून पूर्ण वेगळे आहेत, हेदेखील त्याला सांगावे लागते.

भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य असल्याने येथील वापरकर्त्यांना परवाना विनामूल्य मिळतो आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतील राष्ट्रीय संसाधन केंद्र त्याचे काम पाहते. स्नोमेडसाठी नवी संकल्पना सुचवताना व्याख्या, संदर्भ आणि ती का हवी याचे स्पष्टीकरण द्यावे. उदाहरणादाखल प्रत्यक्ष नोंदी जोडायच्या असतील, तर रुग्णालयाची आणि नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी. नाव आणि मोबाईल क्रमांक काढून टाकणे पुरेसे नाही; वाडीचे नाव, वय आणि दंशाची तारीख एवढे शिल्लक राहिले तरी आपल्याकडच्या लहान वस्त्यांत रुग्ण कोण हे कोणालाही ओळखता येते, म्हणून वाडीऐवजी फक्त तालुका आणि तारखेऐवजी फक्त महिना ठेवावा.