ब्रश टर्की की स्क्रबफाउल? या चुका टाळा

सोलापूरची निम्मी पोरं आता बाहेर आहेत. त्यातली ऑस्ट्रेलियावाली दर महिन्याला ग्रुपवर झाडाखालच्या काळपट पक्ष्याचा धूसर फोटो टाकतात, "काका, ही कुठली रानकोंबडी?" आणि मी चष्मा शोधेपर्यंत कुणीतरी ॲपला विचारून उत्तर देऊन मोकळा. अरे, आधी गाव तरी विचारा की! पक्षी असतो ब्रश टर्की नाहीतर स्क्रबफाउल, दोघंही पालामातीचा मोठा ढीग रचून त्यात अंडी घालणारे. सिडनी, ब्रिस्बेन असेल तर ब्रश टर्कीच, नारंगी पायांचा स्क्रबफाउल तिकडं नाहीच. डार्विन असेल तर उलटं. खरा घोळ ईशान्येकडच्या केर्न्सच्या बाजूला, तिथं दोघंही एकाच बागेत पाला उकरत फिरतात.

नावात नारंगी पाय आहेत म्हणून पायच बघत बसू नका, सावलीत आणि चिखलात कसला रंग दिसतोय. मी शेपूट बघतो. टर्कीची मोठी, उभी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी. स्क्रबफाउलची अगदी आखूड, पण डोक्यामागं टोकदार तुरा. टर्की काळी, डोकं लालभडक नि बोडकं, नराच्या गळ्यात पिवळी पिशवी. स्क्रबफाउल करडा-तपकिरी, आपल्या गावठी कोंबडीएवढा. रात्री कोण बोंबलत असेल तर तो स्क्रबफाउल.

नावाचा गोंधळ वेगळाच. तिकडचे लोक ब्रश टर्कीला 'स्क्रब टर्की' पण म्हणतात नि 'बुश टर्की' पण, आणि आतल्या कोरड्या माळांवर 'बुश टर्की' म्हणजे चक्क तिकडचा माळढोक, आपल्या नान्नजच्या माळढोकाचा भाऊबंद!

आता ढिगाचं, इथं मी स्वतः आपटलोय. भाच्याकडं केर्न्सला गेलो होतो, पहिल्याच सकाळी रानवाटेला माझ्यापेक्षा उंच पालामातीचा ढीग दिसला, पायथ्याशी टर्की उकरतेय, झालं, वहीत लिहिलं 'टर्कीचं घरटं', फोटो ग्रुपवर, वाहवा पण मिळाली. भाचा म्हणत होता मामा जरा थांबू, मी म्हटलं थांबायचं कशाला, समोर दिसतंय की. संध्याकाळी त्याच वाटेनं परत येतोय तर स्क्रबफाउलची जोडी त्याच ढिगावर चढून पायानं माती मागं फेकतेय. टर्की सकाळी नुसती किडे खायला आलेली. उंचीवरूनच कळायला पाहिजे होतं खरं तर. टर्कीचा ढीग मीटर-दीड मीटर उंच, चारेक मीटर रुंद, आणि त्याची राखण एकटा नर करतो. स्क्रबफाउल नर-मादी मिळून राबतात आणि तोच ढीग वर्षानुवर्षं वाढवत नेतात, तीन मीटरपर्यंत पण जातो. आता मी थर्मास घेऊन तासभर लांब बसतो, मगच पेन उघडतो. नव्या पोरांना तासभर म्हटलं की फोन आठवतो.

ढिगावर चढून सेल्फी काढणाऱ्यांना तर काय बोलावं. आत अंडी असतात! थंडीत पहाटे आपला उकिरडा कसा वाफाळतो, तसंच हे, कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर अंडी उबतात, वर कोण बसत नाही. टर्कीचा नर ढिगात चोच खुपसून अंदाज घेतो आणि पाला घालून-काढून आतलं तापमान 33 ते 35 अंशांवर ठेवतो. (म्हणजे मे महिन्यातल्या सोलापूरपेक्षा थंडच.)

आंबोलीत मेगापोड (म्हणजे या ढीगवाल्यांच्याच कुळातला पक्षी) बघितला म्हणणाऱ्यांनी रानकोंबडी बघितली. भारतात तो फक्त निकोबारला.

शेवटची चूक पिल्लाची. टर्कीचं पिल्लू तपकिरी, लाल डोकं नाही, त्यामुळं कोण त्याला स्क्रबफाउल म्हणतं, कोण लावा. ते एकटंच फिरतं, कारण आईबाप त्याला बघतच नाहीत, ढिगातून स्वतः उकरून बाहेर येतं आणि काही तासांत उडतं. हरवलंय म्हणून उचलू नका. आमच्या भाचेसुनेनं उचललं, बुटाच्या खोक्यात ठेवलं, वाटीत पाणी, ज्वारीच्या कण्या, सगळं बाळंतपण. मी झाकण उघडलं तसं भुर्रकन कुंपणापलीकडं. आणि ही मलाच विचारतेय, "मामा, आता त्याच्या आईला काय सांगायचं?"