मास्टरिंग सॉफ्टवेअरवर करावे की अ‍ॅनलॉग यंत्रांवर, हे कसे ठरवावे

मिक्स (सर्व आवाज जुळवून एकत्र करणे) पूर्ण झालेल्या गाण्यावर शेवटचा हात फिरवून ते श्रोत्यापर्यंत जाण्याजोगे करणे म्हणजे मास्टरिंग. हे काम संगणकावरच उरकावे की व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्रांतून गाणे फिरवून आणावे, हा वाद मुंबईतल्या स्टुडिओंत चहाच्या प्रत्येक फेरीला नव्याने सुरू होतो. तो सुटत नाही, कारण वाद घालणाऱ्यांनी दोन्ही आवाजांची पातळी सारखी केलेली नसते. मोठा आवाज कानाला अधिक भरदार वाटतो. पातळी वाढली की खर्ज तुलनेने अधिक ऐकू येतो, हे संशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. यंत्रातून फिरून आलेले गाणे अर्ध्या डेसिबलने जरी वाढले असेल, तरी आपण त्या वाढीलाच ‘अ‍ॅनलॉगची ऊब’ असे नाव देऊन मोकळे होतो. म्हणून पुढे जे काही सांगितले आहे, त्यातील प्रत्येक तुलना पातळी जुळवूनच करायची आहे, हे गृहीत धरावे.

यंत्रांच्या आधी खोलीचा विचार करावा. मुंबईत दहा फूट लांबीची खोली मिळाली तरी नशीब समजायचे. पण अशा खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर घुमू लागतो. खोलीच्या मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीला टेकून बसले की दुप्पट वाटतो. अशा जागेत बसून पखवाजाची धूम कमी-जास्त करणारा माणूस खरे तर खोलीच दुरुस्त करत असतो. कोपऱ्यांत जाड रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी तंतूंचे) पॅनेल उभे करावेत, बसण्याची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवू नये आणि ऐकण्याची पातळी एकदा ठरवून व्हॉल्यूमच्या नॉबवर खूण करावी. हे झाल्याशिवाय लाखाच्या घरातले कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ दाबून आटोक्यात ठेवणारे यंत्र) घेणाऱ्याला मी थांबण्याचाच सल्ला देतो.

उदाहरणासाठी एक अभंग घेऊ: गायकाचा आवाज, पेटी, पखवाज आणि टाळ. मिक्सची फाइल २४ बिटची किंवा ३२ बिट फ्लोटची मागवावी, मास्टर चॅनेलवर लिमिटर (शिखरे ठरावीक पातळीवर अडवणारे साधन) लावलेला नसावा आणि शिखरे शून्याच्या, म्हणजे डिजिटल फाइलच्या कमाल पातळीच्या, तीन ते सहा डेसिबल खाली असावीत. पहिल्यांदा ऐकताना कोणत्याही नॉबला हात न लावता कागदावर टिपणे काढावीत. पहिल्या श्रवणातील टिपण सहसा बरोबर निघते. दहाव्या श्रवणापर्यंत कान चुकीलाही सरावलेला असतो.

सॉफ्टवेअरमध्ये पहिले पाऊल बहुधा वजाबाकीचे असते. पंचवीस-तीस हर्ट्झच्या खाली या गाण्यात कोणतेही वाद्य नाही, तेथे असते ती फक्त घरघर. ती सौम्य उताराच्या फिल्टरने काढावी. टाळाचा झणत्कार सात-आठ किलोहर्ट्झच्या आसपास टोचू लागला, तर तेथे कायमची कपात करू नये, कारण त्यामुळे गायकाच्या ‘स’ आणि ‘च’ यांची धारही बोथट होते. त्याऐवजी डायनॅमिक इक्वलायझर (स्वरपट्ट्या कमी-जास्त करणारे साधन) लावावा, जो टाळ जोरात वाजला की तेवढ्यापुरताच खाली येतो. हे काम सॉफ्टवेअर जितके नेमके करते तितके कोणतेही अ‍ॅनलॉग यंत्र करत नाही, आणि येथे भावनेला जागा नाही. त्यानंतर कॉम्प्रेसर: प्रमाण दीडास एक, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) तीस मिलिसेकंदांहून मंद, आणि रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) इतका की सुई पुढच्या थापेच्या आधी जागेवर परत यावी. सुई दीड-दोन डेसिबलपेक्षा जास्त हलू लागली तर चूक बहुधा मिक्समध्ये असते, आणि मिक्स करणाऱ्याला फोन करणे हेच सर्वांत स्वस्त यंत्र ठरते. अटॅक जलद ठेवला की थापेचे टोक कापले जाते आणि पखवाज पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजू लागतो.

आता अ‍ॅनलॉग बाजू. येथे यंत्र लावण्यापूर्वीचे काम यंत्र लावण्याच्या कामापेक्षा जास्त असते. व्हॉल्व्हची यंत्रे अर्धा तास आधी चालू करून तापू द्यावीत. मग सॉफ्टवेअरमधून एक किलोहर्ट्झचा सूर उणे १८ डेसिबलवर सोडून यंत्राच्या प्रवेशाशी व्हीयू मीटर (सुईचा पातळीमापक) शून्यावर येईल असे कनव्हर्टर (डिजिटल आणि विद्युत आवाजाची अदलाबदल करणारे उपकरण) जुळवावे; व्यावसायिक यंत्रांत हे शून्य म्हणजे १.२३ व्होल्ट. डाव्या आणि उजव्या वाहिनीत दोन दशांश डेसिबलपेक्षा अधिक फरक राहू देऊ नये, नाहीतर गायक हळूच एका बाजूला सरकतो आणि कारण सापडता सापडत नाही. त्यानंतर गाणे न सोडता नुसती शांतता रेकॉर्ड करून ती मोठी करून ऐकावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अर्थिंग सदोष असेल तर ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण स्पष्ट ऐकू येते, आणि वर सांगितलेल्या ५६ हर्ट्झच्या घुमण्यात ती बेमालूम मिसळते. लिफ्टची मोटर आणि एसी ज्या लाइनवर आहेत त्या लाइनवरून यंत्रे चालवू नयेत, केबल बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण रद्द करणाऱ्या दुहेरी तारेच्या) असाव्यात, आणि लॅमिंग्टन रोडवरून सुटे कनेक्टर आणून स्वतः डाख देणार असाल तर प्रत्येक केबल मल्टीमीटरवर तपासूनच पॅचबेला (सर्व यंत्रांच्या जोडण्या एकत्र आणणाऱ्या फळीला) लावावी.

पावसाळ्यात याहून वेगळे दुखणे उपटते. एका जुलै महिन्यात मी एका गायिकेचे गाणे जुन्या इक्वलायझरमधून काढून दिले. चार दिवसांनी निरोप आला की आवाज किंचित पुढे हवा आहे. नॉबचे फोटो काढून ठेवले होते, त्याप्रमाणे सर्व मांडणी पुन्हा केली, तरी डावी वाहिनी पहिल्यासारखी वाजेना. दमट हवेने स्विचच्या संपर्कबिंदूंवर थर चढला होता आणि तो साफ केल्यावर यंत्राचा स्वभाव आधीच्यापेक्षाही वेगळा झाला, म्हणजे जे गाणे मी दिले होते ते गंजातून गाळलेले होते. शेवटी संपूर्ण मास्टर नव्याने करावा लागला. सॉफ्टवेअरमध्ये हीच दुरुस्ती पाच मिनिटांची असती. ज्या कामात वारंवार बदल येणार हे आधीच दिसते, उदाहरणार्थ मालिकेचे शीर्षकगीत किंवा जाहिरात, ते मी तेव्हापासून यंत्रांकडे नेत नाही.

तरीही यंत्रांना त्यांची जागा आहे. ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह मूळ स्वरात थोडे हार्मॉनिक्स (त्याच्या पटीतले उपस्वर) मिसळतात, त्यामुळे पेटीच्या मधल्या पट्टीला एक प्रकारचा गर येतो. सॉफ्टवेअरही हे करते, मात्र तेथे ओव्हरसॅम्पलिंग (आतली गणना अधिक सॅम्पलरेटवर, म्हणजे सेकंदाला अधिक नमुने घेऊन करणे) चालू करण्यास विसरू नये. अन्यथा नव्याने तयार झालेले उच्च हार्मॉनिक्स सॅम्पलरेटच्या मर्यादेवर आदळून खाली परततात आणि टाळाच्या आसपास बेसूर किरकिर होते. यंत्र भाड्याने मिळत असेल तर एका गाण्यापुरते आणून पाहावे. गाणे त्यातून पूर्ण लांबीचे, प्रत्यक्ष वेळेतच रेकॉर्ड होते. पाच मिनिटांच्या अभंगाचे तीन प्रयत्न म्हणजे पंधरा मिनिटे. परत आलेली फाइल मूळ फाइलच्या सुरुवातीशी जुळवून ठेवावी, लाउडनेस मीटरवर दोन्हींची सरासरी दशांश डेसिबलपर्यंत सारखी करावी, आणि पडद्याकडे पाठ करून दुसऱ्या कोणाला तरी फाइल बदलायला सांगावे. दहापैकी आठ वेळा आपण यंत्रातून आलेलीच फाइल निवडली तर यंत्राचे भाडे वसूल झाले. पाचांच्या आसपास राहिलो तर यंत्र परत करावे.

लिमिटर मात्र नेहमी सॉफ्टवेअरमधलाच असावा. अ‍ॅनलॉग यंत्राला पुढची थाप आधी दिसत नाही. सॉफ्टवेअर आवाज काही मिलिसेकंद रोखून धरते, म्हणून शिखर येण्याआधीच त्याचा हात तयार असतो. ट्रू पीकची (नमुन्यांच्या मधल्या शिखरांसह खऱ्या शिखराची) कमाल मर्यादा उणे एक डेसिबल ठेवावी, कारण फाइल आकुंचित स्वरूपात रूपांतरित होताना शिखरे थोडी वाढतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे एकक) आहे. उणे ८ वर दाबून दिलेले गाणे तेथे सहा डेसिबलने खाली आणले जाते, म्हणजे चिरडल्याचा तोटा तेवढा पदरात राहतो. लांब आलापाने सुरू होणाऱ्या गाण्याची काळजी करू नये, कारण सरासरीच्या दहा एकक खालचे भाग ही मोजणी वगळते. सीडीसाठी १६ बिटची फाइल द्यायची असेल तर डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी मंद गोंगाट) एकदाच, अगदी शेवटी लावावा.

सर्व झाल्यावर गाणे मोनो (दोन्ही वाहिन्या एकत्र) करून ऐकावे. मंडळाच्या मांडवातले भोंगे आणि टॅक्सीच्या दारातला एकटा स्पीकर डावे-उजवे ओळखत नाहीत. मोनो केल्यावर पखवाजाची धूम पातळ झाली, तर स्टिरिओ रुंद करणारा जो प्लग-इन साखळीत असेल तो काढावा, आणि तसा प्लग-इन नसेल तर यंत्रातून परतलेल्या दोन वाहिन्यांपैकी एकीची पोलॅरिटी (धन-ऋण टोके) उलटी जोडली गेलेली नाही ना, हे केबल हातात घेऊन पाहावे.