ट्रक दुरुस्तीचे पैसे भरण्याआधी रिकॉल कसा तपासावा

अमेरिकेत पिकअप ट्रक डीलरकडे टाकला, की थोड्या वेळाने सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन येतो. अमुक पार्ट गेलाय, इतके डॉलर होतील, करून टाकू का? या फोनवर लगेच 'हो' म्हणू नका. त्या बिघाडावर सेफ्टी रिकॉल (सुरक्षेला धोका असणारा दोष सापडल्यावर कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं) निघालेला असेल, तर दुरुस्ती मोफत करून देणं कंपनीला सहसा कायद्याने भाग असतं. गाडी किती मैल चालली किंवा तुम्ही तिचे दुसरे-तिसरे मालक आहात का, याने फरक पडत नाही. डीलरला हे त्याच्या संगणकावर दिसतं आणि बरेच डीलर स्वतःहून सांगतातही. पण त्या भरवशावर राहू नका; तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आधी व्हीआयएन शोधा. गाडीचा हा १७ अक्षरं-आकड्यांचा क्रमांक ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून डॅशबोर्डच्या कडेला दिसतो. शिवाय दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि रजिस्ट्रेशनच्या कागदावरही असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल काही दिसलं तर ते शून्य समजा.

मग एनएचटीएसए या केंद्रीय वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावरच्या रिकॉलच्या पानावर तो क्रमांक टाका. नुसतं मॉडेल आणि साल टाकून थांबू नका. दोष बहुतेकदा ठरावीक काळात बनलेल्या किंवा एकाच पुरवठादाराचा पार्ट बसलेल्या गाड्यांत असतो. त्यामुळे शेजाऱ्याचा तोच ट्रक रिकॉलमध्ये असेल आणि तुमचा नसेल, किंवा उलटही.

उत्तर 'शून्य' आलं, तर जरा थांबून विचार करा. तिथे फक्त न झालेल्या दुरुस्त्या दिसतात, आणि त्याही गेल्या १५ वर्षांतल्या रिकॉलच्या. आधीच्या मालकाने काम करून घेतलं असेल तर ते दिसणार नाही. रिकॉल अगदी ताजा असेल, तर सगळे व्हीआयएन यादीत चढायला वेळ लागतो. काही दिवसांनी पुन्हा बघा. घरी पत्र आलं नाही म्हणजे रिकॉल नाही, असंही धरू नका. पत्रं नोंदणीच्या पत्त्यावर जातात, आणि वापरलेला ट्रक घेणाऱ्यांची किंवा घर बदललेल्यांची ती हमखास चुकतात.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे, आणि बहुतेक लोक तिथवर जातच नाहीत. प्रत्येक मोफत दुरुस्तीला रिकॉल म्हणत नाहीत. कंपन्या काही पार्टची वॉरंटी गुपचूप वाढवतात, 'कस्टमर सॅटिस्फॅक्शन प्रोग्रॅम' (रिकॉल न काढता ठरावीक बिघाड दुरुस्त करून देण्याची योजना) काढतात, कधी कोर्टात तडजोड करतात. टोयोटाच्या २००५ ते २०१० च्या टॅकोमा पिकअपच्या गंजणाऱ्या फ्रेमचं, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचं, उदाहरण घ्या. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात कंपनीने तडजोड केली आणि तिच्या अटींत बसणाऱ्या ट्रकांच्या फ्रेम तपासून, गरज असेल तिथे मोफत बदलून देण्याचं मान्य केलं. अशा गोष्टी एनएचटीएसएच्या रिकॉल यादीत येतीलच असं नाही. म्हणून तोच व्हीआयएन कंपनीच्या संकेतस्थळावरही टाका. नंतर एनएचटीएसएवर मॉडेल आणि साल टाकून 'मॅन्युफॅक्चरर कम्युनिकेशन्स' उघडा. तिथे कंपनीने डीलरांना पाठवलेली तांत्रिक बुलेटिनं असतात. बुलेटिन म्हणजे फुकट दुरुस्ती नव्हे. मात्र तुमचा बिघाड कंपनीला आधीपासून ठाऊक आहे, हे त्यावरून कळतं आणि खर्चात सवलत मागताना ते कामी येतं.

आता काउंटरवर. एस्टिमेटवर सही करण्याआधी विचारा: "या व्हीआयएनवर रिकॉल, वाढीव वॉरंटी किंवा दुसरा कुठला प्रोग्रॅम आहे का? असेल तर तपासणीचे पैसे कोण देणार?" उत्तर लेखी घ्या. रिकॉल नेमक्या दोषापुरताच असतो, हे ध्यानात ठेवा. ब्रेकच्या होजवर (नळीवर) रिकॉल आहे म्हणून झिजलेले पॅड फुकट मिळत नाहीत. रिकॉलचं काम त्या ब्रँडच्या अधिकृत डीलरकडेच होतं, पण गाडी जिथून घेतली तिथेच जायला हवं असं नाही. पार्ट अजून आले नसतील तर प्रतीक्षायादीत नाव घाला आणि तोवर गाडी चालवणं सुरक्षित आहे का, हे विचारा. 'डू नॉट ड्राइव्ह' असा इशारा असेल तर गाडी जागची हलवू नका. ती टो करून नेण्याची सोय कंपनी करते का, तेवढं विचारा.

पैसे आधीच भरून बसला असाल आणि नंतर रिकॉल निघाला, तरी सगळं संपत नाही. त्याच दोषासाठी केलेल्या खर्चाची भरपाई मागता येते. मुदत आणि अटी रिकॉलच्या पत्रात असतात. कोणता पार्ट बदलला हे लिहिलेलं बिल आणि पैसे भरल्याची पावती लागेल. काम बाहेरच्या गॅरेजमध्ये झालं असेल तरी दावा करून बघा.

डीलर मोफत काम करायला नकार देत असेल, तर काउंटरवर हुज्जत घालत बसू नका. रिकॉलचा क्रमांक घेऊन थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा, आणि तिथेही दाद लागली नाही तर एनएचटीएसएकडे तक्रार नोंदवा. बिघाड धोकादायक आहे पण रिकॉलच नाही, अशा वेळीही ही तक्रार कराच. व्हीआयएन, ओडोमीटरचा आकडा आणि नेमकं काय झालं ते लिहा. एकाच दोषाच्या तक्रारी साठत गेल्या, की त्यावरूनच तिथे चौकशी सुरू होऊ शकते.