स्वतंत्र राहायचंय, पण मदत हाताशी हवी: ज्येष्ठ निवास घेताना या चुका टाळा

नेरळ, कर्जत, बदलापूर, पनवेल, तळेगाव, पुणे. ज्येष्ठांसाठीची घरं बघायला मुंबईहून निघणारी जोडपी बहुधा रविवारी सकाळी जातात, बागेत फिरतात, तिथलं जेवण चाखतात आणि बुकिंगचा चेक देऊन संध्याकाळच्या गाडीने परततात. त्या दिवशी दोघांचे गुडघे ठीक असतात, हवा चांगली असते. घराची खरी परीक्षा होते ती मनगट प्लास्टरमध्ये असताना, जोडीदार गावाला गेलेला असताना आणि बाहेर तीन दिवस पाऊस थांबत नसताना. प्रत्येक गोष्ट तो आठवडा डोळ्यांसमोर ठेवून तपासायची. खालच्या बऱ्याचशा चुका हे न केल्यामुळे होतात.

पैसे नेमके कशाचे देतोय, हे न विचारणं

'सिनियर लिव्हिंग' या पाटीखाली तीन वेगवेगळे व्यवहार चालतात. पहिला, फ्लॅट विकत घेणं आणि सेवांसाठी दरमहा शुल्क देणं. पुण्यातल्या ज्येष्ठांसाठीच्या 'अथश्री' गृहप्रकल्पांमुळे मराठी घरांत हा प्रकार ओळखीचा आहे. दुसरा, मोठी परतावा-ठेव भरून राहण्याचा हक्क घेणं. तिसरा, साधं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी पैसे देऊन राहणं.

विकत घेताना महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, दावे चालू आहेत का, हे तिथे दिसतं. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले: ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, लिफ्ट, पायऱ्यांच्या जागी रॅम्प, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, न घसरणारं बाथरूम वगैरे. पण जाहिरातीत 'सिनियर' आणि नोंदणीत साधा रहिवासी प्रकल्प असेल, तर या निकषांचा आधार घेणं अवघड होतं. म्हणून विक्री करारात ही मापं लिहून घ्या. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याने बंदी आहे. 'ऑफर रविवारपर्यंतच' म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगता येतं.

ठेवीच्या व्यवहारात फ्लॅट तुमचा नसतो, तुम्ही फक्त पैसे गुंतवलेले असतात. संस्था बुडाली तर तारण नसलेला धनको म्हणून रांगेत उभं राहावं लागतं. तेव्हा विचारा: जमीन कोणाच्या नावावर आहे? ठेवीतून दरवर्षी किती टक्के कापले जातात? मृत्यूनंतर किंवा सोडून गेल्यावर पैसे किती दिवसांत परत, आणि ते 'पुढचा रहिवासी मिळाल्यावर' अशा अटीवर आहेत का? ही शेवटची अट असेल तर परताव्याला तारीखच नाही असं समजा. चालवणारी संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब मागा. मागितल्यावर कपाळाला आठ्या पडल्या, तर त्यातून काय ते कळतं.

लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की राहण्याचा हक्क संपतो, आणि तरीही जागा सोडली नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार दुप्पट दराने भरपाई लागू शकते. पंचाहत्तरीत अकरा महिन्यांचा करार म्हणजे दर वर्षी नवी धाकधूक. मुदत जास्त वर्षांची घ्या, नूतनीकरणाची अट आणि वाढीचा दर आधीच लिहा, करार नोंदवून घ्या.

कर्जत-नेरळ पट्ट्यात आणखी एक प्रकार आढळतो: 'रिटायरमेंट व्हिलेज'च्या नावाने प्लॉट. सातबारा बघा. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर परवानगीशिवाय ती तुम्हाला घेताच येत नाही. 'बिनशेती होणारच आहे' या वाक्यावर पैसे देऊ नका.

मुंबईतलं घर आधी विकून टाकणं

आधी राहून बघा, मग विका. चार दिवसांच्या पाहुणचारावरून काही कळत नाही. किमान तीन महिने राहा, त्यातला एक जुलै किंवा ऑगस्ट असू द्या.

गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड इथल्या जुन्या इमारतींतल्यांना तर ही संधी आयती चालून येते. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की बिल्डर भाडं देतो आणि काही वर्षं दुसरीकडे काढावीच लागतात. ते भाडं जवळच्याच कोंदट वन-बीएचकेवर घालवण्याऐवजी ज्येष्ठ निवासात लायसन्सवर राहून बघता येतं. जमलं नाही तर नवा फ्लॅट आहेच. मात्र सोसायटीच्या सभांच्या नोटिसा नव्या पत्त्यावर आणि ईमेलवर येतील अशी व्यवस्था करून निघा.

विकायचं ठरलंच, तर कराचा हिशेब आधी मांडा. जुन्या घराच्या नफ्यावर सूट मिळते ती दुसरं राहतं घर घेतलं तर: विक्रीच्या आधी एका वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत. ज्येष्ठ निवासाची ठेव म्हणजे घरखरेदी नव्हे, तिच्यावर ही सूट मिळत नाही. दोन कोटींचं घर विकून सगळे ठेवीत घालणाऱ्यांना ही गोष्ट अनेकदा विवरणपत्र भरताना कळते.

पाऊस आणि हॉस्पिटल न बघता जागा ठरवणं

२०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली होती; हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. त्याच पट्ट्यात आज ज्येष्ठांसाठी घरं विकली जातात. त्यात गैर काही नाही, फक्त प्रकल्पाच्या फाटकापासून हायवेपर्यंतचा रस्ता पावसात कुठे बुडतो हे सेल्सवाल्याला नाही, नाक्यावरच्या रिक्षावाल्याला विचारा.

'दहा मिनिटांवर हॉस्पिटल' हे वाक्यही उलगडून घ्या. तिथे रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होतो का? पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते स्कॅनशिवाय देता येत नाही. अँजिओप्लास्टी होणारं जवळचं ठिकाण कोणतं: पनवेल, नवी मुंबई की कल्याण? तिथवर गाडीने एकदा स्वतः जाऊन बघा, आणि तेही संध्याकाळी सात वाजता. आवारात रुग्णवाहिका 'उपलब्ध' असेल तर चालक रात्री आवारातच झोपतो की गावातून येतो, हे विचारा. १०८ आहेच, पण ती कुठून निघणार यावर वेळ अवलंबून.

आरोग्य विम्यात झोनची अट (शहरानुसार कमी-जास्त हप्ता) असेल तर पत्ता बदलताना जपून. स्वस्त झोनची पॉलिसी घेऊन मुंबईत उपचार घेतले, तर बिलाचा काही भाग खिशातून भरावा लागू शकतो. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. जवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे तेही बघा.

बाथरूम नजरेने बघणं

मोजपट्टी घेऊन जा. सॅम्पल फ्लॅट नको, तुमचाच फ्लॅट किंवा तयार असलेला दुसरा कुठलाही.

दरवाजाची मोकळी रुंदी मोजा, चौकटीची नाही. पल्ला उघडल्यावर मधे उरते ती जागा महत्त्वाची. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मदतीला आलेला बाहेरच उभा राहतो. कडीही बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी हवी.

कमोडची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर असली की उठताना गुडघ्यांवर कमी भार येतो. नेहमीचं कमोड बरंच बुटकं असतं. वर बसवायची उंच सीट मिळते, पण ती क्लॅम्पने घट्ट बसणारी घ्या. आधाराच्या दांड्याचा व्यास ३२ ते ४० मिलिमीटर आणि भिंतीपासून अंतर ४० ते ५० हवं. जास्त अंतर ठेवलं तर हात निसटल्यावर कोपर मधे अडकतं.

आणि हा दांडा लावलाय कशावर? नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साध्या गिट्टी-स्क्रूवर (गिट्टी म्हणजे स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात तो तुकडा) बसवलेला दांडा टॉवेलचं वजन पेलतो, माणसाचं नाही. पाय घसरला की झटक्याने गिट्टीच निघून येते. हलक्या ब्लॉकसाठीचे खास अँकर किंवा केमिकल अँकर लागतात. नाहीतर मागे प्लेट टाकून आरपार बोल्ट. तपासायला दोन्ही हातांनी धरून मागे झुका, शेजारी कोणीतरी उभं ठेवून. किंचित जरी हलला तर तो शोभेचाच आहे. रबरी कपने चिकटणारे दांडे तर आणूच नका.

फरशी ओली करा, थोडा साबण टाका, चप्पल घालून पाय पुढे सरकवून बघा. मदतीची दोरी जमिनीपासून १० सेंटिमीटरपर्यंत खाली आलेली हवी. बटण खांद्याच्या उंचीवर असेल तर पडलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. तिथे राहून बघत असताना एकदा रात्री अडीचला ती ओढा आणि दारावर थाप पडेपर्यंत किती मिनिटं लागतात ते मोजा. ऑफिसने नाक मुरडलं तरी चालेल.

लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जातं का, तेही विचारू नका, मोजा. त्याची लांबी दोन मीटरच्या आसपास असते.

'स्वतंत्र रहिवासी' म्हणजे कोण, हे न वाचणं

बहुतेक करारांत कुठेतरी आत एक कलम असतं: रहिवासी स्वतःची कामं स्वतः करू शकत नसल्यास त्याने दुसरी व्यवस्था करावी. डॉक्टर साधारण सहा गोष्टी बघतात: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठून बसणं-हलणं, लघवी-शौचावर ताबा, जेवणं. यातली किती जमली नाहीत तर हलवणार? ते ठरवणार कोण, संस्थेचा डॉक्टर की तुमचा? हॉस्पिटलमधून आल्यावर बरं व्हायला किती आठवडे देणार? स्मृतिभ्रंशाचं काय? दोघांपैकी एकालाच मदत लागली तर दुसऱ्याला त्याच घरात राहता येईल का? उत्तरं तोंडी नकोत.

ब्युरोतून सांभाळायला मावशी ठेवायची परवानगी आहे का, हा प्रश्न तर हमखास राहून जातो. ती झोपणार कुठे, तिचं जेवण किती रुपयांना, पोलीस पडताळणी कोण करणार, संस्थेचीच मावशी घ्यायची सक्ती आहे का? चोवीस तासांची मावशी ठेवली की महिन्याचा खर्च सहज दीडपट-दुप्पट होतो.

स्वयंपाकघराकडे दुर्लक्ष करू नका. 'जेवण मिळतंच की' म्हणून ओट्याऐवजी एक फळी आणि इंडक्शन देतात. सकाळी साडेपाचचा चहा स्वतः करता आला नाही, तर स्वातंत्र्याच्या गप्पा कशाला? घरची भांडी नेण्याआधी बुडाला चुंबक लावून बघा. तो चिकटला नाही तर भांडं इंडक्शनवर चालणार नाही.

आजच्या शुल्कावर हिशेब बसवणं

महिन्याला ३५,००० रुपये आणि दरवर्षी ८ टक्के वाढ धरली, तर दहा वर्षांनी आकडा ७५,५०० च्या पुढे जातो. १० टक्के वाढ असेल तर ९०,७०० च्या पुढे. त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा, हे विचारा. ४०,००० चे ४७,२०० होतात ते असेच.

दुसऱ्या बाजूला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००, आणि पाच वर्षं तेवढेच. शुल्क चढतं, व्याज जागेवर राहतं. सरकारी निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता आहे, पण निवृत्तिवेतन घेणारा गेल्यावर जोडीदाराला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० ऐवजी ३० टक्क्यांवर येतं. म्हणजे मूळ निवृत्तिवेतन चाळीस टक्क्यांनी घटतं, शुल्कातून मात्र फक्त एका माणसाचं जेवण वजा होतं. एकट्याचा दर करारात हवाच.

घर मुलाच्या नावावर करून 'तो भरेल की शुल्क' हा मार्ग टाळा. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळाची अट त्यातच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ खाली ते रद्द करून घेताना त्या अटीचाच आधार लागतो.

राहायला गेल्यावर अडलं तर

शुल्क अचानक वाढवलं: करारातला वाढीचा दर दाखवून लेखी हरकत घ्या आणि जुन्या दराने बँकेतून भरत राहा. पैसे थांबवलेत तर तुम्हीच थकबाकीदार ठरता.

ठेव परत मिळत नाही: नोटीस पाठवा, मग ग्राहक आयोग. प्रकल्प नोंदणीकृत असेल आणि करारातल्या सोयी दिल्या नसतील, तर महारेराकडे तक्रार करता येते. कोणाकडे जायचं हेच सुचत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

जेवण पचत नाही: स्वयंपाक्याशी वाद घालण्यापेक्षा चार-पाच रहिवाशांनी मिळून तेल-तिखटाबद्दल व्यवस्थापकाला लेखी कळवा. मधुमेहींनी जेवणाच्या वेळा गोळ्यांशी जुळवून मागाव्यात.

मोबाइलला रेंज नाही, म्हणून बँकेचा ओटीपी येत नाही: डोंगराच्या पायथ्याशी हे फार होतं. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, कॉल येतात आणि ओटीपीही बहुतेकदा येतात. तेवढ्याने भागलं नाही तर बँकेतला नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करा. हे नोव्हेंबरच्या आत उरका, कारण फोनवरून चेहरा दाखवून हयातीचा दाखला द्यायलाही इंटरनेट लागतं.