शाळेत शिक्षक कमी आहेत? अर्ज लिहिण्यापूर्वी पदे मोजा

नागपुरात आमच्या वस्तीजवळच्या शाळेत काही वर्षांपूर्वी तिसरी आणि चौथीचे वर्ग एकाच खोलीत बसत. तिसरीच्या मुलांची तोंडे एका फळ्याकडे, चौथीच्या मुलांची समोरच्या भिंतीवरच्या दुसऱ्या फळ्याकडे आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत एकच बाई. त्या तिसरीला पाढे लिहायला लावून चौथीकडे वळत आणि चौथीला उतारा देऊन पुन्हा तिसरीकडे येत. आम्ही पालकांनी सह्या गोळा करून अर्ज दिला : ‘शाळेत शिक्षक कमी आहेत, तरी कृपया शिक्षक द्यावेत.’ दीड महिन्याने दोन ओळींचे उत्तर आले, की उपलब्धतेनुसार शिक्षक देण्यात येतील. उत्तर खोटे नव्हते, पण त्यातून काही निष्पन्नही होणार नव्हते, आणि त्यात आमच्या अर्जाचाही दोष होता, हे नंतर लक्षात आले.

‘शिक्षक कमी आहेत’ या वाक्यात तीन निरनिराळ्या अडचणी लपलेल्या असतात. पहिली म्हणजे पद मंजूर आहे, पण रिक्त आहे. दुसरी म्हणजे पदच मंजूर नाही, कारण कागदावरचा पट तेवढा भरत नाही. तिसरी म्हणजे पद मंजूर आहे, भरलेलेही आहे, पगारही निघतो, पण शिक्षक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे किंवा शाळाबाह्य कामावर आहेत. तिन्हींचे उपाय वेगळे आणि दरवाजेही वेगळे आहेत. अर्जात त्यांची सरमिसळ झाली, की कार्यालय त्यातल्या सर्वांत सोप्या मुद्द्याला उत्तर देऊन मोकळे होते.

आधी संच मान्यता पाहावी

कोणत्या शाळेला किती पदे, हे ज्या कागदावर ठरते त्याला संच मान्यता म्हणतात. सर्वसाधारणपणे ३० सप्टेंबरचा पट धरून ती होते. तिच्यात मंजूर, कार्यरत आणि रिक्त पदे स्वतंत्र रकान्यांत असतात. ती मुख्याध्यापकांकडे असते आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने मागितल्यास ती दाखवण्यास अडचण असू नये. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांकही, म्हणजे सरकारी नोंदीतला त्या शाळेचा स्वतंत्र क्रमांक, सोबत लिहून घ्यावा. नागपूर जिल्ह्यातील शाळांचा क्रमांक २७०९ने सुरू होतो. हा क्रमांक अर्जात घातला, की ‘नेमकी कोणती शाळा’ हा प्रश्न उरत नाही. एकाच नावाच्या दोन-तीन शाळा असलेल्या या शहरात ही सोय लहान नाही.

त्यानंतर शिक्षण हक्क कायदा, २००९ची अनुसूची शेजारी ठेवून मोजणी करावी. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार आणि १२१ ते २०० मुलांना पाच असे प्रमाण आहे. पट १५०च्या वर गेला, की पाच शिक्षकांशिवाय मुख्याध्यापक हवा. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान एक आणि प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक असावा, तोही विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्ही विषयगटांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक मिळेल अशा रीतीने. म्हणजे ११८ मुलांच्या प्राथमिक शाळेला चार शिक्षक आणि १२१ मुलांच्या शाळेला पाच. तीन मुलांनी एक शिक्षक फिरतो. राज्याने १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले, त्याचा ताण लहान पटाच्या शाळांवर आणि विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांवर आला, आणि शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. म्हणून कायद्याचे प्रमाण आणि प्रत्यक्ष संच मान्यता यांत फरक दिसला, तर तो फरकच अर्जाचा विषय करावा.

पद रिक्त असेल तर

येथे पालकांच्या हाती कायद्याचे एक सरळ कलम आहे, आणि ते फारसे वापरले जात नाही याचे मला नवल वाटते. कलम २६नुसार सरकारी, स्थानिक प्राधिकरणाच्या किंवा मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत रिक्त पदे एकूण मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. आता हे गणित लहान शाळेला लावून पाहावे. चार मंजूर पदांपैकी एक रिक्त म्हणजे २५ टक्के. पाचांपैकी दोन रिक्त म्हणजे ४० टक्के. मंजूर पदे दहापेक्षा कमी असलेल्या कोणत्याही शाळेत एक जरी पद रिक्त राहिले, तरी मर्यादा ओलांडली जाते. महानगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळा याच आकाराच्या आहेत.

तेव्हा अर्जात ‘शिक्षकांअभावी मुलांचे अतोनात नुकसान होत आहे’ याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे : ‘या शाळेत पहिली ते पाचवीची ५ पदे मंजूर असून ३ शिक्षक कार्यरत आहेत. २ पदे अमुक महिन्यापासून रिक्त आहेत. रिक्त पदांचे प्रमाण ४० टक्के असून ते कलम २६मधील मर्यादेपेक्षा अधिक आहे. सदर पदे नियमित नियुक्तीने किंवा अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनाने केव्हा भरली जातील, त्याची तारीख लेखी कळवावी.’ समायोजनाचा उल्लेख मुद्दाम करावा. नियमित भरती पवित्र पोर्टलवरून होते, ती राज्य पातळीवरची प्रक्रिया आहे आणि स्थानिक अधिकारी तिच्याकडे बोट दाखवू शकतो. मात्र एका शाळेत अतिरिक्त ठरलेला शिक्षक दुसऱ्या शाळेत देणे त्याच्या अखत्यारीत येते.

पदच मंजूर नसेल तर

ही लढाई सप्टेंबरपूर्वी लढायची असते; डिसेंबरात तिचा उपयोग नाही. अलीकडे संच मान्यतेसाठी आधार पडताळणी झालेली मुलेच धरली जातात. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांपैकी काही आधारवर वेगळे आणि शाळेच्या नोंदीत वेगळे असले, की बाकावर बसलेले मूल संगणकावर बसत नाही. विटभट्टीवर, बांधकामावर राबणाऱ्या कुटुंबांची मुले यात हमखास सुटतात. आमच्या शाळेत अशी अकरा नावे निघाली. त्यांतल्या एका मुलीचे नाव दाखल-खारीज रजिस्टरमध्ये ‘वैष्णवी’ आणि आधारवर ‘वैशनवी’ होते, एवढाच काय तो तिचा अपराध. शाळा जूनच्या अखेरीस सुरू झाल्यापासून पोळ्यापर्यंतचा काळ समितीतील दोन-तीन पालकांनी या कामाला द्यावा : मुख्याध्यापकांकडून पडताळणी न झालेल्या मुलांची यादी घ्यावी, त्या घरी जावे आणि आई-वडिलांना आधार केंद्रावर सोबत न्यावे. कामात काही थोरपणा नाही, पण पट सीमेवर असलेल्या शाळेत एक पद त्यावर टिकते.

शिक्षक नाहीत म्हणून मुलांची नावे काढून नेणाऱ्या पालकांना दोष देणे मला जमत नाही. परंतु पाच नावे गेली, की पुढल्या वर्षीचे एक पद जाऊ शकते, हे त्यांना सांगितले पाहिजे.

शिक्षक कागदावर असतील तर

समितीने महिन्याभराच्या हजेरीपटावरून कोण किती दिवस वर्गात होते, याची नोंद घ्यावी. कलम २७नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावता येत नाही. मतदार यादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये स्पष्ट केले आहे, की ते काम शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी घ्यावे. ही तक्रार शिक्षकांविरुद्ध नाही, त्यांना वर्गात ठेवण्यासाठी आहे, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे. नाहीतर शाळेत उरलेले दोन शिक्षकही दुखावतात आणि माहिती मिळण्याची वाट बंद होते. प्रतिनियुक्तीबाबत आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुदत विचारावी. मुदत संपलेली प्रतिनियुक्ती नुसत्या या प्रश्नानेही रद्द झालेली मी पाहिली आहे.

माहिती देत नसतील तर

माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा, म्हणून पदांचा अर्ज वेगळा आणि निधीचा वेगळा करावा. महापालिकेच्या शाळेसाठी सिव्हिल लाइन्समधील मुख्यालयातील शिक्षण विभाग, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी संबंधित पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी आणि खासगी अनुदानित प्राथमिक शाळेसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) हे पत्ते धरावेत. पत्ता चुकलाच तर अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणे त्या कार्यालयावर बंधनकारक आहे. ‘का’ असा प्रश्न विचारू नये. कागदाची प्रत मागावी : मागील तीन वर्षांची संच मान्यता, रिक्त पदांचा अहवाल, प्रतिनियुक्तीचे आदेश. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे तीस दिवसांच्या आत पहिले अपील, आणि पुढे नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाचे खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईला जावे लागत नाही.

पैशाचा हिशेब

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाचे आकडे पाहिले, की शाळेच्या भिंती अशा का आहेत ते कळते. पटानुसार ३१ ते १०० मुलांच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये, १०१ ते २५० मुलांच्या शाळेला ५०,००० आणि २५१ ते १,००० मुलांच्या शाळेला ७५,००० रुपयांपर्यंत अशी त्याची मर्यादा आहे. ११८ मुलांच्या शाळेचे उदाहरण पुढे नेले, तर ५०,०००पैकी किमान दहा टक्के, म्हणजे ५,००० रुपये, स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्या ४५,०००चे महिन्याला ३,७५० रुपये होतात. त्यात विजेचे बिल, खडू, रजिस्टरे, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती. प्राथमिक शाळेत शिपाई सहसा नसतोच, त्यामुळे शौचालय धुण्याचा खर्चही येथेच येतो. त्यातही पैसे हप्त्यांनी येतात आणि उशिरा येतात. मार्चच्या अखेरीस आलेला हप्ता घाईत खर्च होतो किंवा परत जातो. समितीने एप्रिलमध्येच खर्चाचा ठराव करून ठेवावा, म्हणजे पैसे आल्यावर सभा बोलावण्यात आठवडे जात नाहीत.

छत, संरक्षक भिंत, मुला-मुलींची स्वतंत्र शौचालये ही कामे या अनुदानातून होणार नाहीत; ती मागणीही येथे करू नये. त्यासाठी कनिष्ठ अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्यावे, शहरात झोन कार्यालयामार्फत आणि ग्रामीण भागात पंचायत समितीमार्फत, आणि ते अंदाजपत्रक जोडूनच महापालिकेचा अर्थसंकल्प, जिल्हा नियोजन समिती किंवा आमदार निधी यांच्याकडे जावे. अंदाजपत्रकाशिवाय दिलेले निवेदन फोटोपुरते असते.

समिती आणि पुढील पायऱ्या

वरील सर्व कामे एकट्या पालकाने करू नयेत. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे कायद्याने आवश्यक आहे. शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे कामच आहे. बहुतेक ठिकाणी समिती असते, पण सभा रजिस्टरमध्येच होते आणि सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरते. सही करण्यापूर्वी इतिवृत्त वाचावे आणि रिक्त पदांचा ठराव त्यात शब्दशः आला आहे का ते पाहावे. समितीच्या ठरावाची प्रत जोडलेला अर्ज एका पालकाच्या अर्जाइतका सहज बाजूला सारता येत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

पुढची पायरी कलम ३२ची लेखी तक्रार. ती स्थानिक प्राधिकरणाकडे करावयाची असून तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा अशी तरतूद आहे. निर्णय मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीत कलमाचा उल्लेख नसेल, तर ती साधे निवेदन म्हणून फाइलला लागते आणि तीन महिन्यांचे घड्याळ सुरूच होत नाही.

नागपूरकरांना आणखी एक सोय आहे. १९५३च्या नागपूर कराराची देणगी म्हणून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते आणि त्या दिवसांत शहरात मोर्चांची रीघ लागते. मोर्चात अवश्य जावे, पण प्रश्न सभागृहात यावा असे वाटत असेल, तर दिवाळीच्या सुमारास, अधिवेशनाच्या महिनाभर आधी, आपल्या आमदारांना संच मान्यतेची प्रत आणि एका पानाचा गोषवारा द्यावा. अधिवेशनाच्या आठवड्यात त्यांना पान वाचायलाही उसंत नसते.

वर्गणी काढून एखादी पदवीधर मुलगी शिकवायला ठेवावी, असा विचार प्रत्येक शाळेत येतोच. आम्हीही ते पाच महिने केले आणि मुलांसाठी ते योग्यच होते. परंतु त्या काळात आमच्या अर्जावर ‘पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे’ असा शेरा पडला. असे करणे भागच असेल, तर ‘पद रिक्त असून ही तात्पुरती व्यवस्था पालकांनी स्वखर्चाने केली आहे’ असा ठराव आधी लिहावा आणि त्याची प्रत कार्यालयाला द्यावी.

अखेरीस शिक्षक मिळाल्याचे पत्र आले, तरी फाइल बंद करू नये. आदेश निघणे आणि शिक्षक रुजू होणे यांत महिने जातात, आणि कधी आदेश मध्येच बदलतो. मुख्याध्यापकांकडून रुजू अहवालाची प्रत घ्यावी, हजेरीपटावर नाव चढल्याचे पाहावे आणि नवीन शिक्षक ज्या शाळेतून आले तेथील पद आता रिक्त झाले का, तेही विचारावे. आमच्याकडे आलेले गुरुजी ज्या शाळेतून आले, तेथील पालकांचा फोन आम्हाला तिसऱ्याच आठवड्यात आला होता. आम्ही त्यांना आमच्या अर्जाचा नमुना पाठवला.