पॅरातल्या वडिलांच्या, आजोबांच्या लढाईच्या आठवणी घरच्यांसाठी कशा जपून ठेवायच्या

आमचे अण्णा, म्हणजे वडील, दोन पॅरात होते, म्हणजे विमानातून पॅराशूटने उड्या मारून लढाईत उतरणाऱ्या पलटणीत. मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण, तिचंच १९५२ मध्ये २ पॅरा (मराठा) झालं, आणि हीच पलटण ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, ढाक्याच्या उत्तरेला टांगाइलला विमानातून उड्या मारून उतरली, पुंगली पूल ताब्यात घेतला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघारी निघालेल्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. एवढं पुस्तकात सापडतं. पण अण्णांच्या पोटात तेव्हा काय कालवलं, त्यांच्या पुढे कोण उभा होता, उतरल्यावर चिखल होता की कोरडं होतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही, ते फक्त त्यांच्याकडे आहे. तेव्हा विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे, म्हणून ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका, या रविवारीच बसा.

सगळ्यात आधी प्रश्न कसा विचारायचा ते सांगते कारण माझी पहिली तीन वर्षं इथेच वाया गेली. मी विचारायचे "अण्णा, युद्धात काय काय झालं सांगा ना" आणि ते म्हणायचे "काय व्हायचंय, ऑर्डर आली, गेलो." संपलं. मग एकदा सहज विचारलं की विमानात तुमच्या पुढे कोण उभा होता, तर अण्णा खुर्चीतून उठले, हॉलमध्येच आडवे उभे राहिले, एक हात वर करून स्टॅटिक लाइन (विमानाला अडकवलेली पट्टी, तिनेच पॅराशूट उघडतं) धरल्यासारखी मूठ आवळली आणि पाय न उचलता घासत घासत दाराकडे सरकायला लागले, पाठीवरचं मोठं पॅराशूट आणि पुढचं रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, यांच्या वजनाने माणूस कसा वाकतो ते दाखवलं, लाल लाइट, मग हिरवी लाइट, आणि मग पुढच्या गड्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तो घाबरला की शिट्टी वाजवायचा हेसुद्धा सांगितलं. पाऊण तास. आणि माझा फोन किचनमध्ये चार्जिंगला! ते रेकॉर्ड झालं नाही याची हळहळ मला आजही आहे.

तर मोठा प्रश्न विचारायचाच नाही, शरीराचा, वस्तूचा, जागेचा प्रश्न विचारायचा. आग्र्याला ट्रेनिंगमध्ये पहिली उडी मारली तेव्हा डोळे उघडे होते का? पॅराशूट उघडतं तेव्हा झटका कुठे बसतो? जमिनीवर आल्यावर छत्री गोळा केली की तशीच टाकली? त्या रात्री खिशात खायला काय होतं, शक्करपारे होते का? बूट कधी काढले? टांगाइलला गावातले लोक मदतीला धावून आले होते, सामान उचलून दिलं होतं, त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोललात? असा एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, खरंच गप्प, ते थांबले तरी दहा-पंधरा सेकंद काही बोलायचं नाही, कारण खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच येते आणि आपण घाईघाईने पुढचा प्रश्न टाकला की ती गेली ती गेलीच.

"किती जणांना मारलं" हे कोणीही विचारू नका, नातवंडांनाही आधीच सांगून ठेवा. ते स्वतःहून बोलले तर ऐकायचं. हात थरथरायला लागले, तोच तो प्रसंग परत परत यायला लागला किंवा त्या रात्री झोप लागली नाही असं कळलं तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवायचं, आठवडा जाऊ द्यायचा, आणि त्रास कमी होत नसेल तर डॉक्टरांशी बोलायचं. आपल्याला त्यांचा आवाज हवाय हे खरं, पण त्यासाठी त्यांची झोप घालवायची नाही.

रेकॉर्डिंगला साधा फोन पुरतो. एरोप्लेन मोडवर टाका, फॅन बंद करा (हा सगळ्यात मोठा चोर, नंतर ऐकताना कळतं), टीव्ही बंद, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर मऊ कपड्यावर ठेवा, दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐकून बघा आणि मगच सुरू करा. व्हिडिओ केला तर हाताच्या हालचाली येतात, पण कॅमेरा समोर दिसला की काही जण एकदम पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखं बोलायला लागतात, तसं होत असेल तर फक्त आवाज घ्या. सुरुवातीला तारीख, जागा, कोण कोण बसलंय एवढं स्वतः बोलून घ्या. एका वेळी पाऊण तास बास, सकाळी चहानंतरची वेळ चांगली, कानाचं मशीन असेल तर लावलंय ना बघा.

हाताशी काहीतरी द्या. जुना ग्रुप फोटो, पॅराची मरून बेरे टोपी, छातीवरचे विंग्ज (पॅराशूटचा बिल्ला), नाहीतर सरळ नकाशा. मी मोबाइलवर जमालपूर, टांगाइल, ढाका असा रस्ता काढून मोठा प्रिंट केला आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी पूल कुठे, आपला मोर्चा कुठे आणि दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरला, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे जंगी पलटण, येऊन भेटली ती कुठल्या बाजूने, हे सगळं काढलं. आपलीच माणसं, आपलीच भाषा रस्त्याने चालत येताना ऐकली तेव्हा काय वाटलं ते त्यांना नीट सांगता आलं नाही, पण पेन्सिल त्या जागेवर गोल गोल फिरत राहिली आणि तिथे कागद काळा झालाय. तो नकाशा आता माझ्या दृष्टीने घरातला सगळ्यात मौल्यवान कागद आहे.

आता एक गोष्ट मी फार आग्रहाने सांगणार आहे. त्यांना दुरुस्त करू नका! अण्णा म्हणतात उडी मारली तेव्हा अंधार होता. पुस्तकं सांगतात की ड्रॉप, म्हणजे विमानातून उड्या, संध्याकाळ व्हायच्या सुमारास सुरू झाला. माझ्या भावाने लगेच मोबाइल काढून "अण्णा, चुकताय तुम्ही" केलं आणि त्या दिवशी अण्णा पुढे एक शब्द बोलले नाहीत. अहो, डिसेंबरात तिकडे लवकर मावळतं, विमानांमागून विमानं येत होती, आणि माणूस खाली येऊन आपली माणसं शोधेपर्यंत अंधार पडलाच असणार, त्यांच्या आठवणीत ती वेळ अंधाराचीच आहे. जे बोलले ते तसंच ठेवायचं आणि पडताळणी वेगळ्या वहीत तारीख घालून लिहायची. छापलेलं तरी सगळं खरं कुठे असतं? उतरली एक पलटण, हजाराच्या आत-बाहेर माणसं, आणि परदेशी बातम्यांत आकडा पाच हजारांवर गेला, सोबत छापलेला फोटोसुद्धा आधीच्या सरावातला होता. म्हणून नेटवरून "टांगाइल ड्रॉप" म्हणून फोटो उतरवून आजोबांच्या अल्बममध्ये चिकटवू नका.

लिहून काढताना त्यांची भाषा धुऊन पुसून घेऊ नका. फौजी माणसाच्या मराठीत हिंदी येते, "फिर क्या, मूव्ह का ऑर्डर आया" येतं, ते तसंच लिहा. फोनच्या व्हॉइस टायपिंगने कच्चा मजकूर तयार होतो पण नावं आणि गावं हमखास चुकतात, त्यामुळे एकदा आवाज ऐकत ऐकत हाताने तपासावंच लागतं.

कागदपत्रांत डिस्चार्ज बुक पहिलं. सर्व्हिस नंबर, पोस्टिंग, कोर्स, मेडल सगळं त्यात असतं. ते हरवलं असेल तर पॅराशूट रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेंगळुरूला आहे, नंबर घालून अर्ज करता येतो, आणि अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मेडल घासून चकाचक करायच्या भानगडीत पडू नका, १९७१ च्या युद्धाचं "पूर्वी स्टार" मेडल काय किंवा संग्राम मेडल काय, त्यावर नंबर आणि नाव कोरलेलं असतं का ते भिंगाने बघा आणि त्याचा जवळून फोटो काढा. जुन्या पत्रांवर गावाच्या नावाऐवजी नुसतं ९९ एपीओ (फौजेच्या टपालाचा पत्ता) दिसलं म्हणून टाकून देऊ नका, शिक्क्यातल्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या नंबरावरून आणि तारखेवरून बराच माग लागतो. फोटो लॅमिनेट करू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा, कारण नावं तिथेच लिहिलेली असतात.

आणि आईला, आजीला विचारा. हे बहुतेक सगळेच विसरतात. आमची आई तेव्हा नवीन लग्न झालेली, सासरी, रेडिओ शेजारच्या वाड्यात, बातम्यांच्या वेळी सगळी आळी तिथे जमायची, आणि दारात पोस्टमनची सायकल थांबली की ती आत पळायची, कारण तार आली असेल तर ती आपल्या हातात पडायला नको. अण्णांना हे पन्नास वर्षं माहीतच नव्हतं, रेकॉर्डिंगच्या वेळी पहिल्यांदा ऐकलं त्यांनी.

काय बाहेर जायचं आणि काय घरात राहायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आणि त्यांचं "हो" किंवा "नको" पण रेकॉर्ड करून ठेवा. लढाईत गेलेल्या साथीदाराबद्दल सांगितलेलं फॅमिली ग्रुपवरसुद्धा टाकायचं नाही, त्याच्या घरीही कोणीतरी आहे.

फाइलला नाव देताना तारीख, नाव, विषय एवढं घाला. मूळ फाइल कापायची नाही, काही करायचं ते कॉपीवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो, व्हिडिओ पाठवले की ते दाबून लहान होतात, म्हणून मूळ फाइल केबलने कॉम्प्युटरवर घ्या, एक कॉपी हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे. आम्ही दर १६ डिसेंबरला, म्हणजे विजय दिवसाला, सगळ्या फाइल उघडून वाजवून बघतो. त्या दिवशी अण्णांच्या पलटणीतल्या दोघांचे फोन येतात, मी आधी दोघांना विचारून घेते आणि फोन स्पीकरवर टाकून दुसऱ्या फोनने रेकॉर्ड करते, कारण आपापसात बोलताना ते जे बोलतात ते आम्हाला कधीच सांगत नाहीत.