इष्टिकाचितीचा कर्ण कसा काढायचा

इष्टिकाचितीला, म्हणजे विटेसारख्या किंवा खोक्यासारख्या आकाराला, दोन प्रकारचे कर्ण असतात आणि निम्मी गणितं तिथेच चुकतात. एक पृष्ठावरचा, म्हणजे एकाच आयतातला. दुसरा आतून जाणारा: तळाच्या एका कोपऱ्यातून निघून वरच्या समोरासमोरच्या कोपऱ्याला भिडणारा. असे आतले कर्ण चार असतात आणि चारही सारख्याच लांबीचे. इथे आपल्याला हाच काढायचा आहे.

बांधकामातली १९ × ९ × ९ सेमीची प्रमाणित वीट घेऊ. आधी तळाच्या आयताचा कर्ण. पायथागोरसप्रमाणे त्याचा वर्ग १९² + ९² = ३६१ + ८१ = ४४२. इथे वर्गमूळ काढायची घाई नको, कारण पुढच्या पायरीत हीच संख्या वर्गाच्या रूपातच लागते. उगाच मूळ काढून, दशांश कापून परत वर्ग केला की उत्तर थोडं सरकतं.

आता हा तळाचा कर्ण आणि उभी कड यांच्यात काटकोन आहे, कारण उभी कड तळाच्या प्रतलाला लंब असते. म्हणून पुन्हा पायथागोरस: ४४२ + ८१ = ५२३. वर्गमूळ सुमारे २२.८७ सेमी. दोन्ही पायऱ्या एकत्र केल्या की सूत्र मिळतं:

कर्ण = √(लांबी² + रुंदी² + उंची²)

उत्तर सगळ्यात लांब कडेपेक्षा मोठं आणि तिन्ही कडांच्या बेरजेपेक्षा लहान यायला हवं. आपलं २२.८७ हे १९ आणि ३७ च्या मध्ये आहे. बरोबर ३७ आलं, तर वर्ग न करताच बेरीज झाली आहे. २१.०२ आलं, तर तळाच्या कर्णावरच थांबलात. सांध्यातला मसाला धरून विटेचं माप २० × १० × १० सांगतात. ते घातलं तर कर्ण २४.४९ येतो, म्हणजे दीड सेमीहून जास्त फरक. एक माप सेमीत आणि दुसरं मिमीत असेल तर विचारूच नका.

टेपने पडताळायचं तर वीट फोडावी लागत नाही. दोन विटा लांब बाजूंनी चिकटवून ठेवा, तिसरी त्यातल्या एकीवर बरोबर रचा. दुसरीच्या वर विटेएवढीच मोकळी जागा उरते. वरच्या विटेचा त्या जागेकडचा, पुढच्या टोकाचा वरचा कोपरा धरा आणि टेप खालच्या मोकळ्या विटेच्या माथ्यावरच्या बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यापर्यंत ताणा. तोच कर्ण. तीन काडेपेट्यांवरही हे जमतं, आणि वर्गात सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी हे करून दाखवलं तर मुलं प्रश्न जास्त चांगले विचारतात.

उलटं गणितही येतं: कर्ण १३, लांबी १२, रुंदी ४, तर उंची किती? १६९ − १४४ − १६ = ९, म्हणजे उंची ३. वजाबाकी ऋण आली तर दिलेली मापंच चुकीची आहेत.

खोक्यात नळी मावेल का हे पाहताना आतली मापं घ्या. ६० × ४० × ३० सेमीच्या खोक्याचा कर्ण ७८.१ सेमी येतो, पण ७८ सेमीची नळी त्यात बसणार नाही: नळीला जाडी असते आणि तिची टोकं कोपऱ्यात पूर्ण शिरत नाहीत.